टॅबिथा गेली

गिडियन दारात उभा होता. अंगात काळा कोट, टोपीला काळी फीत, डोळे सुजलेले. सहा वर्षांत त्यानं या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि आज मे महिन्यातल्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, काहीही न कळवता तो हल बंदरातून व्हिटबीला येऊन थडकला होता. केझायाचे हात पिठानं भरलेले. ते तसेच हवेत धरून ती "दादा!" एवढंच म्हणाली, तोच त्यानं तिला मिठी मारली आणि तो एक्केचाळीस वर्षांचा धिप्पाड दोरखंडवाला लहान पोरासारखा हमसायला लागला.

"उशीर झाला गं केझी. मला फार उशीर झाला."

"कशाला उशीर?"

त्याच्या मागून त्याची बायको प्रूडन्स पायऱ्या चढत होती, तीही डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात, तोंडावर जाळीचा पदर. तिच्या मागे गाडीवान होता आणि त्याच्या हातात कापडात गुंडाळलेलं भलंमोठं हॅम.

"तुझी तारांबळ उडाली असणार, म्हणून खायचं घेऊनच आले," प्रूडन्स दबल्या आवाजात म्हणाली. "आता सांग, नेलं का? की आमच्यासाठी थांबलात?"

"कुणाला नेलं, वहिनी?"

"असं काय करतेस केझाया! आईंना."

केझाया तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला. "दार लाव गं ते! सगळा वारा आत येतोय, पाव फुगायचा नाही अशानं. कोण आलंय?"

प्रूडन्स मटकन पायरीवरच बसली. गाडीवानानं हॅम छातीशी धरलं. गिडियननं बहिणीला सोडलं आणि तो भिंतीला हात लावत, अंधारात चालावं तसा, आत गेला.

टॅबिथा वेदरिल ओट्याशी उभी होती. वय सदुसष्ट, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, नाकावर पीठ. थोरल्या मुलाला बघून तिचे हात कणकेतच थांबले. गिडियन जवळ गेला. त्यानं एक बोट पुढे केलं आणि आईच्या गालाला हळूच लावून बघितलं.

"आई," तो म्हणाला, "तू गेलीस ना?"

"कुठे?" म्हातारीनं विचारलं.

*

चहा होईपर्यंत गिडियनला धड बोलता येईना. आईचा हात त्यानं सोडला नव्हता. त्याच्या काळ्या बाहीवर तिच्या पिठाचे पांढरे ठसे उमटले होते. प्रूडन्सला केझायानं आत आणून बसवलं होतं, गाडीवानही चहासाठी रेंगाळला होता. ही गोष्ट ऐकल्याशिवाय तो काही जाणार नव्हता.

"गुरुवारी मी धक्क्यावर दोरखंड चढवून घेत होतो," गिडियन सांगायला लागला. "शेजारी कोळशाचं एक जहाज सुटायच्या बेतात होतं. त्याचा कप्तान वरून ओरडला, 'वेदरिल, ऐकून वाईट वाटलं रे. टॅबिथा गेली.' मी विचारलं, कधी? म्हणाला, मंगळवारी पहाटे. मला काही सुचेना. मार्चमध्ये केझीनंच लिहिलं होतं की आईची छाती भरलीये म्हणून."

"ते मार्चमध्ये," टॅबिथा म्हणाली. "मोहरीच्या लेपानं चार दिवसांत उठले मी. पुढे?"

"पुढे म्हणाला, वय झालंच होतं. आतून पार पोखरली होती…"

"कोण पोखरली होती?"

"तू, आई."

"मेल्या, नाव काय त्या कप्तानाचं?"

"…पण शेवटी कुणाला त्रास दिला नाही म्हणाला. शांतपणे गेली."

केझायानं ओठ चावले. पण गाडीवानालाच आवरलं नाही, तो चहाच्या कपात फुर्रकन हसला. मग केझाया, मग खुद्द टॅबिथा. ती खुर्चीच्या पाठीला धरून हसत राहिली, डोळे पुसत राहिली. "शांतपणे! मी! अरे, तुझा बाप म्हणायचा, ही मरेल तेव्हा पाद्र्याला दोन वाक्यं दुरुस्त करून मगच मरेल." प्रूडन्ससुद्धा पदर वर करून हसायला लागली, आणि गिडियन रडता रडता हसू लागला. दोन दिवस त्याच्या छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाहेर फेकून दिल्यासारखं त्याला झालं. सगळ्यांत जास्त काय बोचलं होतं ते त्यानं आता सांगून टाकलं.

"मी विचारलं, सायलस होता का जवळ? तर म्हणाला, शेवटपर्यंत. बाकीचे सगळे निघून गेले, मग सगळ्यांत शेवटी तो निघाला. आणि मला वाटलं, बघा, धाकटा शेवटपर्यंत आईपाशी, आणि मी…"

"भावोजी."

लिडिया, सायलसची बायको, जिन्याच्या तळाशी उभी होती. धुण्याची टोपली तिच्या कमरेवर होती. ती कधी खाली आली कुणाला कळलं नव्हतं. ती एकटी हसत नव्हती.

"सायलस तर अजून आलेच नाहीत, भावोजी," ती म्हणाली. "पार बाल्टिकमधल्या मेमेलहून लाकूड घेऊन येताहेत. या आठवड्यात यायला हवे होते."

"हो का? मग तो कप्तान कसा म्हणाला की…"

"कोळशाच्या जहाजावरच्या माणसाला आपल्या आई कशा माहीत असतील?" लिडियानं टोपली खाली ठेवली. "खलाशी माणूस 'टॅबिथा गेली' म्हणतो तेव्हा तो बाईबद्दल बोलत नसतो."

टॅबिथानं डोळे पुसले आणि ती पुन्हा कणकेकडे वळली.

*

चौतीस वर्षांपूर्वी एफ्राइम वेदरिलनं नदीकाठी आपलं जहाज बांधून घेतलं, तेव्हा त्याला बायकोचं नाव दिलं होतं. त्या दिवसापासून गावात दोन टॅबिथा होत्या. एफ्राइम गेला आणि त्याच वर्षी त्या जहाजावरून दोन मुलांचं फाटलं. गिडियन म्हणाला, तिचं लाकूड कुजलंय, मोडीत काढा. एवढं बोलून तो थांबला नाही. सगळ्या खलाशांसमोर त्यानं तिच्या एका फासळीत चाकू मुठीपर्यंत खुपसून दाखवला. सायलस म्हणाला, "उद्या आई म्हातारी झाली की तिलाही मोडीत काढशील." आणि त्यानं मोठ्या भावाला फळीवरून धक्क्यावर ढकललं. तेव्हापासून सायलसच तिचा कप्तान होता, आणि सहा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

लिडियाला हे सगळं ठाऊक होतं, आणि आत्ता यातलं काहीच महत्त्वाचं नव्हतं. ती थोरल्या दिरासमोर टेबलाशी बसली.

"परत सांगा. शब्द न् शब्द."

गिडियनचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सांगितलं की. वय झालं होतं, आतून पोखरली होती, शांतपणे गेली…"

"सायलसबद्दल काय म्हणाला?"

"सगळ्यांत शेवटी निघाला."

"कशातून निघाला? होडीतून? पाण्यातून? कुणी उचललं त्यांना?"

"लिडिया, मी ऐकूच शकलो नाही गं पुढचं. आई गेली म्हटल्यावर मी तोंड फिरवलं. तो काहीतरी ओरडत होता, जहाज सुटलं होतं…" त्यानं टेबलावर मूठ मारली. "मी ऐकलं नाही!"

"बाकीचे आधी निघाले म्हणजे बाराच्या बारा जण जिवंत उतरले," केझाया म्हणाली. "त्याचा दुसरा काय अर्थ होतो?"

"उतरले, पण कशात?" लिडिया म्हणाली. ती किनाऱ्यावरच्या स्टेथ्स गावातल्या कोळ्याची मुलगी. लहान होडी उत्तर समुद्रात चार दिवस काय टिकते ते तिला कुणी सांगायला नको होतं.

तेव्हा प्रूडन्स खाकरली.

"मी ऐकलं," ती म्हणाली. तिची मान लाल झाली होती. "मी ह्यांना जेवायला बोलवायला धक्क्यावर गेले होते. हे रडत बसले, पण मी ऐकलं सगळं. मी सांगितलं नाही कारण… कारण मला त्याचा वेगळाच अर्थ वाटला."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, 'सायलस आता स्टेथ्सच्या लोकांकडे आहे. वारा फिरला की येईल.'"

लिडिया बघतच राहिली.

"मला काय ठाऊक!" प्रूडन्सचा आवाज चढला. "मला वाटलं, बघा, इकडे आई गेली आणि धाकटे भावोजी जाऊन सासरी बसले! आणि वारा फिरला की, म्हणजे मनात येईल तेव्हा येतील! गाडीत वाटभर मी ह्यांना सांगणार होते, पण म्हटलं आधीच दुःखात आहेत. मग ठरवलं, सगळं उरकल्यावर तुझ्याच तोंडावर बोलेन."

लिडियाच्या तोंडून हुंदका निघाला का हसू, हे तिचं तिलाच समजलं नाही. स्टेथ्सचे लोक म्हणजे तिचे आईबाप नव्हेत. स्टेथ्सचे लोक म्हणजे समुद्रावरच्या स्टेथ्सच्या मासेमारी होड्या. कुणीतरी त्यांना उचलून घेतलं होतं. आणि वारा गेला आठवडाभर वायव्येचा होता, अगदी तोंडावर. कोळशाचं जहाज त्यावर स्वार होऊन दक्षिणेला हलला पोचलं आणि मासेवाले तिकडेच अडकले.

ती टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं प्रूडन्सच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"अगं, हो, हो," प्रूडन्स गडबडून म्हणाली. "टोपी चुरगळेल."

टॅबिथा एवढा वेळ कणीक मळत होती. आता तिनं गोळा ताटलीत ठेवला, वर कापड घातलं आणि हात धुतले.

"लिडिया, शाल घे आणि धक्क्यावर जा," ती म्हणाली. "केझाया, बाकीच्या अकरा घरांत जाऊन सांग. बायकांना आपण कळवायचं, रस्त्यावरून कळता कामा नये. आधी 'माणसं जिवंत आहेत' म्हणायचं, जहाजाचं मागून. गिडियन, तो कोट काढ आणि अंगणात टेबलं मांड. ते हॅम कितीजणांना पुरेल, प्रूडन्स?"

"चाळीसजणांचा अंदाज धरला होता मी, आई. तुमच्या… म्हणजे…"

"माझी एवढी किंमत केलीस, बरं वाटलं. बारा खलाशी आणि त्यांची बायकापोरं. पुरेल."

*

प्रूडन्सला कुणी धक्क्यावर जायला सांगितलं नव्हतं. तरी ती लिडियाच्या मागोमाग निघाली. गेली सहा वर्षं तिनं या घराशी जे काही बोलणं केलं होतं ते सगळं नवऱ्याच्या वतीनं, त्याच्या रागाच्या वतीनं केलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्या स्वतःच्या बोलण्यासाठी तिचा मुका घेतला होता आणि तिला काय करावं ते कळत नव्हतं.

दगडी धक्क्याच्या टोकाला दोघी उभ्या राहिल्या. वारा समोरून, डावीकडून येत होता आणि तिचा काळा पदर पाठीमागे फडफडत होता.

"मी तुला मासळीवाली म्हणायचे," प्रूडन्स थोड्या वेळानं म्हणाली.

"माहीत आहे."

"तोंडावर कधी नाही म्हटलं."

"पलीकडच्या खोलीत म्हटलंत, जाऊबाई. लग्नाच्या दिवशी."

"एवढं ऐकू गेलं?"

"तुमचा आवाज धक्क्यावरच्या माणसाला लाजवेल असा आहे," लिडिया म्हणाली. समुद्रावरची नजर तिनं काढली नव्हती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "आज मात्र तुमचे कान कामाला आले."

बारा वाजून गेले, एक वाजला. केझाया येऊन पाव-चीज देऊन गेली. हळूहळू धक्क्यावर बायका जमल्या. कुणी पोरं कडेवर घेऊन, कुणी विणकाम घेऊन. जहाजावरच्या जुन्या सुताराची, नेहेमायाची बायको काठी टेकत आली.

दोनच्या सुमाराला प्रूडन्सचा पदर खाली पडला. तिनं तो मागे टाकला. तो परत पडला. मग तो उलटा होऊन तिच्या तोंडाला चिकटला, नाकातोंडात गेला, तिला काही दिसेना.

"शी! काय हा वैताग!"

लिडियानं वळून तिच्याकडे बघितलं. मग आकाशाकडे बघितलं. "जाऊबाई," ती म्हणाली, "वारा मागून येतोय."

प्रूडन्सनं पदर ओढून फाडला आणि हातात धरला. तो सरळ समुद्राकडे उडत होता. धक्क्याचं तोंड उत्तरेला, म्हणजे वारा आता दक्षिणेचा होता; पूर्वेकडून येणाऱ्या होड्यांच्या तोंडावरचा नव्हे.

त्यानंतर तास-दीड तास लागला. पूर्वेला आधी एक ठिपका, मग दोन, मग करड्या-तांबूस शिडांच्या चार होड्या. लिडियानं तिसरीकडे बोट दाखवलं. "ती बघा. मोठ्या शिडावर पांढरं ठिगळ आहे ना, ते माझ्या मावशीनं लावलंय. ती पाण्यात खाली बसलीये. तिच्यात माणसं जास्त आहेत."

ती मोजायला लागली. होडी उंच जायची तेव्हा डोकी दिसायची, खाली गेली की दिसेनाशी व्हायची. नऊ. अकरा. परत नऊ. सगळ्या बायका मोजत होत्या, प्रत्येकीचा आकडा वेगळा. प्रूडन्सही मोठ्यानं मोजत होती, आणि तिच्या आवाजापुढे बाकीच्या गप्प झाल्या. "चौदा… पंधरा… तो वाकलाय, तो सोळा… सतरा! स्टेथ्सचे किती असतात एका होडीत?"

"पाच," लिडिया म्हणाली.

"मग बारा! बाराच्या बारा! अगं लिडिया, बारा!"

आणि होडीच्या टोकाला, कुण्या ठेंगण्या कोळ्याची लोकरी बंडी घातलेला, बाह्या कोपरापर्यंतच पोचलेला एक उंच माणूस दोन्ही हात हलवत होता.

*

सायलस गल्लीतून वर येताना सगळं गाव मागे होतं. लिडिया त्याच्या दंडाला अशी बिलगली होती की त्याला नीट चालता येत नव्हतं. अंगणात मांडलेली टेबलं, त्यावरचं हॅम, बिअरचं पिंप बघून तो हसला. आणि मग दारातल्या खुंटीला लटकवलेला काळा कोट आणि काळी फीत लावलेली टोपी त्याला दिसली. त्याचं हसू मावळलं.

"कोण गेलं?"

"मी," टॅबिथा पुढे होत म्हणाली. "पण परत आले. तूही तेच केलंस, मग तक्रार कसली?" तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उलटसुलट करून तपासलं, आणि कपाळाचा मुका घेऊन त्याला सोडून दिलं.

गिडियन टेबलाच्या पलीकडे हातात बाक धरून उभा होता. या क्षणाची त्यानं सहा वर्षं वाट बघितली होती. ते कुजकं जहाज कधीतरी बुडेल, आणि सायलसला समोर उभं राहून कबूल करावं लागेल. काय बोलायचं ते त्यानं कितीदा तरी घोळून ठेवलं होतं.

"दादा," सायलस म्हणाला. "जहाज गेलं. तू म्हणाला होतास."

गिडियननं बाक खाली ठेवला. घोळून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"खड्ड्यात गेलं ते जहाज," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"समुद्रात गेलं, साहेब," मागून म्हातारा नेहेमाया म्हणाला, आणि सगळे हसले, आणि त्या हसण्यात दोन भाऊ कधी एकमेकांच्या जवळ गेले ते केझायाशिवाय कुणी बघितलं नाही.

मग जेवणं झाली. लोक येतच राहिले, शेजाऱ्यांनी आपापली टेबलं जोडली, कुणीतरी आल्याचे केक आणले. स्टेथ्सच्या पाचही कोळ्यांना प्रूडन्सनं स्वतः वाढलं, आणि प्रत्येकाला हॅमचा इतका जाड तुकडा कापला की त्यांच्यातला सर्वांत थोराड माणूसही लाजला.

"आता आपल्या जहाजाचं बोलू या," नेहेमायानं कप वर केला. जहाज बांधलं तेव्हा तो तिच्यावर सुतार होता आणि शेवटपर्यंत तिच्यावरच राहिला होता. "चौतीस वर्षं. असं कुणी बोलल्याशिवाय जायला नको ती. बाई, तुम्ही सुरुवात करा."

"मी काय सांगू?" टॅबिथा म्हणाली. "पाण्यात सोडताना ती निम्म्यावर अडकली. सगळं गाव जमलेलं, बँड वाजतोय, आणि ही हलेना. एफ्राइम तिच्या पोटाखाली शिरून चरबी फासायला लागला. मी वरून ओरडले, 'अहो, बाहेर या, ती आत्ता निघेल!' आणि ती खरंच निघाली. तो कसाबसा लोळत बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत चरबीत. रात्री मी विचारलं, चिरडला असतात तर? तर म्हणाला, 'तुझ्या नावाची आहे, तू ओरडल्याशिवाय ती हलायचीच नाही.'"

"आणि लढाईच्या काळात डेन्मार्कवाल्यांनी पकडलं ते!" एकजण म्हणाला.

"ते मला सांगू दे," नेहेमाया म्हणाला. "अठराशे नऊ साल. वारा पडलेला, त्यांच्या तोफा लावलेल्या होड्या वल्हवत आल्या, आणि आम्हाला धरून नेलं नॉर्वेला, तो तेव्हा त्यांचाच होता. तीन आठवड्यांनी आपल्या आरमारानं तिला सोडवून आणलं. आम्ही चढून बघतो तर काय, तेवढ्यात त्यांनी तिच्यात नवीकोरी लोखंडी शेगडी बसवलेली! इतकी झकास की एफ्राइमसाहेब म्हणाले, परत पकडलं तर चांगली खिडकीही बसवून घेऊ."

मग स्पेनहून आणलेल्या घोड्यांची गोष्ट झाली. एकानं डोलकाठीचा चावा घेतला होता, त्याचे दात शेवटपर्यंत दिसायचे. क्वेबेकला नेलेल्या माणसांची झाली. जाताना दोनशे चार माणसं चढली आणि पोचली दोनशे सात. आणि सायलसच्या जन्माची झाली, कारण ती सांगितल्याशिवाय व्हिटबीत कुणी उठलंच नसतं: मेमेलच्या बाहेर बर्फात अडकलेलं जहाज, सुईण नाही, आणि पाव भाजता भाजता धावत आलेला स्वयंपाकी.

"त्यानं तुला आधी पिठाच्या फडक्यानं पुसलं," गिडियन अचानक म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "मी होतो तिथे. नऊ वर्षांचा. तीन दिवस ओकत पडलो होतो, मेलो तर बरं म्हणत होतो. आणि स्वयंपाक्यानं तुला माझ्या हातात दिलं नि म्हणाला, धर, मला पाव बघायचाय. मग मी ओकायचं विसरलो."

हे सायलसनं कधी ऐकलं नव्हतं. आईनंही सांगितलं नव्हतं, कारण तिला ते माहीत नव्हतं.

*

ऊन गल्लीच्या वरच्या भिंतीवर चढलं, कुणीतरी फिडल काढलं, पोरीबाळी नाचायला लागल्या, तेव्हा टॅबिथा सायलसला घेऊन आत आली. ती चुलीपाशी बसली. त्याला तिनं समोरच्या स्टुलावर बसवलं.

"आता खरं सांग. तिचा शेवट कसा झाला?"

"सांगितलं की सगळ्यांसमोर, आई."

"ते हसवायला सांगितलंस. मला सांग."

सायलसनं हात गुडघ्यांवर ठेवले. दोरांनी ते सोलून निघाले होते.

"गेल्या शनिवारी वादळ झालं. तळाची एक फळी सुटली. दोन दिवस, तीन रात्री आम्ही पाणी उपसत होतो. लाकूड भरलेलं होतं म्हणून ती बुडाली नाही, आई. दुसरा कुठलाही माल असता तर सोमवारीच संपलं असतं सगळं. पाणी डेकला लागलं तरी ती उभी राहिली. मंगळवारी पहाटे स्टेथ्सची होडी आली. एकेकाला दोरानं उतरवायला तासभर लागला. मी शेवटी उतरलो. जेमतेम दोनशे हात गेलो असू." त्यानं सोललेला हात पालथा केला. "मग ती कुशीवर वळली. माणूस झोपेत वळतो ना, तशी. काही आवाज नाही. नेहेमायानं टोपी काढली."

टॅबिथा चुलीकडे बघत होती. तेहतीस वर्षांची असताना ती त्या जहाजाच्या डेकवर उभी राहिली होती, लाल पट्ट्याचा झगा घालून. सगळं गाव तिच्या नावानं ओरडत होतं. नवरा, तारुण्य, सगळ्या वाट बघण्याच्या रात्री त्या लाकडात गेल्या होत्या. तिला वाटलं होतं, आता फार रडू येईल. थोडं आलंही. एप्रनच्या टोकानं पुसलं.

"बाराही जणांना उतरवलं तिनं," ती म्हणाली. "चांगली होती."

"मी दादाचं ऐकलं असतं तर…"

"तर ती सहा वर्षांपूर्वी सरपणाला गेली असती आणि तू दुसऱ्या कुणाच्या जहाजावर असतास. ते जाऊ दे. नवं बांधाल तेव्हा मात्र माझं नाव नको. लिडियाचं द्या. नाहीतर प्रूडन्सचं, ते जहाज धुक्यातही लांबून ऐकू येईल."

सायलस इतका हसला की त्याला स्टुल धरावं लागलं. मग तो उठून बाहेर गेला.

केझाया भांडी घेऊन आत आली. धुता धुता तिला खिडकीबाहेर दोघा भावांचे आवाज ऐकू यायला लागले. मागच्या पायरीवर बसले असावेत. आधी नुसता पुटपुटाट. मग गिडियन म्हणाला, "पण मी म्हणतो, तू नॉर्वेकडे का वळला नाहीस? वारा होता तुझ्या मागे."

"दादा, शिडं फाटली होती."

"पुढचं एक तरी होतं ना? एका शिडावर जाता येतं."

"तुला नदी ओलांडताना होडीत उलटी होते, आणि तू मला शिडं शिकवणार?"

"उलटी होते म्हणून अक्कल जाते का? चाळीस वर्षं दोरखंड विकतोय मी!"

"चाळीस? जन्मल्या जन्मल्या दुकान टाकलंस का?"

"शब्दात पकडू नकोस! तू लहानपणापासून असाच आहेस, हेकट!"

"आणि तू लहानपणापासून शहाणा!"

आवाज चढतच गेले. बाहेर फिडल थांबलं. केझायानं घाईघाईनं हात पुसले. "बघितलंस आई? एक दिवस धड गेला नाही. थांब, मी सोडवते त्यांना."

टॅबिथानं तिचं मनगट धरलं. डोळे मिटून, डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवून ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"बस इथे," ती म्हणाली. "भांडू दे."